खातं तुमचं, पैसा कुणाचा?

‘भावा, एखादं खातं पडून आहे का रे? महिनाभर दे. एटीएम कार्ड, पासबुक आणि सिम तेवढं लागेल. कट देतो ना!’

कॉलेजच्या कट्ट्यावर, हॉस्टेलच्या गॅलरीत किंवा टेलिग्रामच्या एखाद्या ग्रुपवर हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं-वाचलं असेल. विचारणारा बहुतेकदा ओळखीचाच निघतो. सीनियर, रूममेटचा मित्र, गावाकडचा कुणीतरी. तो चोरासारखा दिसत नाही, कारण त्यानं स्वतः काही चोरलेलं नसतं. त्यालाही वरून कुणीतरी कट कबूल केलेला असतो. आणि मागतोय काय, तर शून्य बॅलन्सचं खातं. त्यात आपले पैसेच नाहीत, तर आपलं जाणार काय?

हा प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. नीट उत्तर द्यायचं, तर आधी चोराची अडचण समजून घ्यावी लागेल.

कार्डाचा नंबर चोरणं आता फार अवघड राहिलेलं नाही. एक बनावट लिंक, ‘केवायसी संपलंय’ म्हणून आलेला एक फोन, कुठल्यातरी वेबसाइटवरून फुटलेला डेटा, झालं काम. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते. हा पैसा वापरायचा कसा? स्वतःच्या खात्यात घेतला तर पोलीस दारात. वस्तू मागवली तर पत्ता द्यावा लागतो. म्हणून त्याला नाव नसलेलं काहीतरी हवं असतं. गिफ्ट कार्ड ही नेमकी तशी वस्तू. काही आकड्या-अक्षरांचा एक कोड. ज्याच्या हातात कोड, त्याचं कार्ड. ते कुणाला तरी स्वस्तात विकायचं, बदल्यात क्रिप्टो घ्यायचं आणि ते क्रिप्टो पुन्हा कुणाला तरी विकून रोख मोकळी करायची.

हे शेवटचं ‘कुणाला तरी’ म्हणजे पीटूपी. पीअर-टू-पीअर. इथे कंपनी फक्त क्रिप्टो मध्ये धरून ठेवते आणि रुपये मिळाल्याचं विकणाऱ्यानं सांगितलं की सोडते. रुपये मात्र एका अनोळखी माणसाच्या खात्यातून दुसऱ्या अनोळखी माणसाच्या खात्यात थेट जातात, यूपीआयनं किंवा आयएमपीएसनं. ते रुपये समोरच्याकडे कुठून आले, हे ॲपला कळत नाही. तुम्हाला तर नाहीच नाही.

पीटूपी हा धंदा मुळात बेकायदा नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे तो फोफावला त्यामागे एक सरकारी कारणही आहे. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. एक्स्चेंजेसना बँक खातीच मिळेनात. मग त्यांनी मार्ग काढला, की आम्ही पैसे हातात घेतच नाही, तुम्ही आपसात द्या-घ्या. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं, पण तोवर सवय लागली होती. दार बंद केलं की लोक खिडकीतून येतात आणि खिडकीपाशी वॉचमन नसतो.

गिफ्ट कार्डाची गोष्ट तर त्याहून जुनी, आणि तिचा एक मोठा अध्याय आपल्या लोकल ट्रेनच्या नकाशावरच घडलेला आहे. ऑक्टोबर २०१६. मिरा रोड. ठाणे पोलिसांनी रात्री कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं. त्यातल्या सत्तर जणांना अटक झाली. बहुतेक जण विशीतले. इथून फोन जायचा अमेरिकेत. आवाज अमेरिकन, नाव अमेरिकन, बोलणारा ‘कर खात्याचा अधिकारी’. तुमचा कर थकलाय, थोड्याच वेळात पोलीस येतील, अटक टाळायची असेल तर फोन न ठेवता दुकानात जा. तिथे आयट्यून्सची गिफ्ट कार्डं घ्या, मागचा पट्टा खरवडा आणि नंबर वाचून दाखवा.

गाण्यांच्या कार्डानं कर भरायचा! आपल्याला आज हसू येतं. पण भेदरलेल्या माणसाला हसू येत नसतं. फोनवरचा माणूस त्याला विचार करायला उसंतच देत नव्हता. हे प्रकार इतके झाले, की आम्ही आयट्यून्स कार्डानं कर घेत नाही, असं अमेरिकेच्या कर खात्याला जाहीरपणे सांगावं लागलं. या सगळ्या जाळ्यात पंधरा हजारांहून अधिक लोक फसले, असं अमेरिकी न्याय खात्याचं म्हणणं. तिकडे बसून हा पैसा फिरवणाऱ्या हस्तकांवर खटले चालले. २०१८ च्या जुलैमध्ये एकवीस जणांना शिक्षा झाल्या, सगळ्यात मोठी वीस वर्षांची.

मला या प्रकरणात सूत्रधारापेक्षा त्या सातशे जणांचं कुतूहल जास्त वाटतं. त्यांच्यातल्या कितींना पहिल्या दिवशी माहीत असेल, आपण काय करतोय ते? जाहिरात कॉल सेंटरची होती. एसी ऑफिस, इंग्रजी बोलायची सवय, पगार बरा. पण दुसऱ्या दिवशी? दहाव्या दिवशी? समोरची बाई फोनवर रडत असताना? कुठल्यातरी दिवशी ते कळतंच. आणि त्या दिवशी उठून जाणं किती कठीण असतं, हे कळलं की खातं भाड्यानं देणाऱ्या पोराची अवस्थाही कळते. पहिल्या वेळी माहीत नसतं. दुसऱ्या वेळी माहीत करून घ्यायचं नसतं.

दुसरं प्रकरण पुण्याचं. कॉसमॉस बँक. ११ ऑगस्ट २०१८ चा शनिवार. बँकेच्या यंत्रणेत आधीच घुसलेल्या हॅकरांनी काही तासांत, बनवलेल्या नकली कार्डांवर, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले. पुढच्या सोमवारी आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले. एकूण सुमारे ९४ कोटी. हा हल्ला संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं उत्तर कोरियाशी जोडला. आता बघा, कट शिजला कुठल्या कुठे, डोकी कुणाची, सर्व्हर कुठले. पण एटीएमसमोर उभं राहायला माणूस लागतोच. तो माणूस कोल्हापुरातही उभा होता. बीबीसीनं नंतर सांगितलं, की महाराष्ट्रातल्या काही जणांना आपण सिनेमात छोटी भूमिका करतोय असं वाटत होतं. सीन काय, तर एटीएममध्ये जायचं आणि पैसे काढायचे. कॅमेरा होता, हे खरंच होतं. एटीएमच्या छतावरचा.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवास सुनावला. त्या अकरांत प्याँगयांगचं कुणी नव्हतं.

तर शून्य बॅलन्सच्या खात्याचं उत्तर हे आहे. पैसा क्रिप्टोत गेला, चार देश फिरला, दहा वॉलेटांतून आला, तरी कुठेतरी एका खऱ्या माणसाचं खरं नाव, खरा आधार नंबर आणि खरा फोटो असलेलं खातं लागतंच. चोराकडे पैसा असतो, नाव नसतं. तुमच्याकडे पैसा नसतो, पण नाव असतं. भाव त्याला आहे.

आता या ‘भावा’बद्दलच थोडं. मला वाटतं सगळी मेख तिथे आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. सायबर जागृतीच्या व्याख्यानात पोलीस दादा सांगतात, ‘ओटीपी कुणाला देऊ नका.’ बरोबर आहे, पण इथे तुम्हाला कुणी ओटीपी मागतच नाहीये. इथे तुम्हाला फायदा होतोय. दहा हजारांचं गिफ्ट कार्ड कुणी तुम्हाला साडेसहा हजारांत देतोय. यूएसडीटीला कुणी बाजारापेक्षा दोन-चार रुपये चढा दर देतोय. रील्सवर एखादा ‘मेंटॉर’ सांगतोय, इथे घ्या, तिथे विका, घरबसल्या रोजचे दोन हजार.

थांबा आणि समोरच्याच्या बाजूनं हिशोब करा. कॉमर्सवाल्यांना तर हे सांगायलाच नको. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, २०२२ पासून. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. वर प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस. हे सगळं भरणारा माणूस तुम्हाला बाजाराहून चढा दर कशातून देणार? थोडाफार फरक मागणी-पुरवठ्यानं पडतो, मान्य. पण अनोळखी माणूस तुमच्यासारख्या अनोळखी पोराला रोज, न चुकता, जास्तच देत असेल, तर तो यूएसडीटी विकत घेत नाहीये. तो अंतर विकत घेतोय, त्याच्या आणि पोलिसांच्या मधलं. आणि दहाचं कार्ड साडेसहाला विकणाऱ्याचा साडेतीन हजारांचा तोटा होत नाही, कारण त्याला ते फुकट पडलंय. ते दहा हजार दुसऱ्या कुणाच्या तरी क्रेडिट कार्डाच्या बिलावर आलेले असतात. ते बिल हातात धरून तो माणूस सध्या बँकेच्या कस्टमर केअरला ‘एक दाबा, दोन दाबा’ करत बसलेला असेल.

परदेशात याच स्वस्ताईवर एक अख्खा बाजार उभा राहिला होता. पॅक्सफुल नावाचं संकेतस्थळ गिफ्ट कार्डाच्या बदल्यात बिटकॉइन मिळवून द्यायचं. विकणारा आणि घेणारा आपसात दर ठरवणार, ओळख दाखवायची फारशी सक्ती नाही. जुलै २०२४ मध्ये त्याच्या एका सहसंस्थापकानं अमेरिकेतल्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. पैशाची धुलाई रोखायची यंत्रणा ठेवायची असते, ती जाणूनबुजून ठेवली नाही, हा तो गुन्हा. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं गिफ्ट कार्डाला दहा हजारांची मर्यादा घातली आहे, ते पुन्हा भरता येत नाही आणि त्यातून रोख काढता येत नाही. नियम चांगला आहे. पण दहा हजारांची दहा कार्डं घ्यायला कुठे जादू लागते?

‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य पोलीस ठाण्यात रोज ऐकू येत असणार. कायदा ते कसं ऐकतो, हेही माहीत असलेलं बरं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीच्या मालाबद्दल आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, ‘किंवा तसं मानायला कारण असताना’ तो अप्रामाणिकपणे घेतला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. ते मधले शब्द पुन्हा वाचा. मानायला कारण असताना. माझ्या मते साडेसहा हजारांचा तो भावच कारण आहे. एका महिन्यासाठी खातं आणि सिम मागणं हेच कारण आहे. मनी लाँडरिंगचा कायदा लागला तर शिक्षा किमान तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत जाते. क्रिप्टोचा धंदा मार्च २०२३ पासून त्या कायद्याच्या कक्षेत आहे.

पण हे सगळं पोरांच्याच माथी मारून मोकळं व्हावं, असंही मला वाटत नाही. दोन गोष्टी मला खटकतात.

पहिली, खातं गोठवण्याची पद्धत. फसलेला माणूस १९३० वर तक्रार करतो आणि पैसा ज्या-ज्या खात्यांतून गेला ती खाती बँका अडवत जातात. योग्यच आहे. पैसा वाचवायचा तर तासाभरात हालचाल व्हायला हवी. पण या साखळीत पाचव्या-सहाव्या कडीला असलेला एखादा पोरगा असा असतो, की ज्यानं खरोखरच रीतसर ॲपवर, स्वतःच्या केवायसीनं, स्वतःचं क्रिप्टो बाजारभावानं विकलेलं असतं. घेणाऱ्यानं चोरीचे पैसे पाठवले, यात त्याचा काय दोष? तक्रार एका राज्यातली, खातं दुसऱ्या राज्यातलं. बँक म्हणते पोलिसांना विचारा. पोलीस म्हणतात, इकडे येऊन जबाब द्या. वाद तीन हजारांचा आणि अडकलेलं असतं सगळं खातं. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं, की अडवायची तर वादातली रक्कम अडवा, अख्खं खातं कशाला? २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे तर असं प्रकरण आलं, जिथे वाद दोनशे रुपयांचा होता आणि गोठलं होतं एका कंपनीचं कोट्यवधी रुपयांचं खातं. कंपनीकडे वकील असतो. सेकंड इयरच्या पोराकडे नसतो. संशयित आणि गुन्हेगार यांच्यात फरक करणारी, ठरावीक दिवसांत निकाल देणारी सोपी पद्धत हवी. ती आली तर लोक न घाबरता स्वतःहून पुढे येऊन सांगतील. आज ते लपवतात.

दुसरी गोष्ट कॉलेजांची. ॲडमिशनच्या दिवसांत बँका आवारात टेबल टाकतात. दहा मिनिटांत खातं, वर एखादी बॅग नाहीतर बाटली भेट. खातं उघडून देतात, पण खातं म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. घर भाड्यानं देताना आपल्याकडे पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते. हे घर नीट ठाऊक असलेल्या समाजाला खातंही तसंच काहीतरी असतं, आत राहणाऱ्याच्या करणीचा जाब मालकाला विचारतात, हे अजून उमगलेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं अशी भाड्याची खाती हुडकायला ‘म्यूलहंटर’ नावाची एआय यंत्रणा काढली आहे. चांगलं आहे. ‘म्यूल’ म्हणजे खेचर. दुसऱ्याचं ओझं वाहणारं. शिकार खेचराची होणार, हे त्या नावातच आलं. ओझं कुणी लादलं, त्याच्या शिकारीची यंत्रणाही तितक्याच जोमानं निघायला हवी.

आणि खेचर होतं कोण? ज्याच्या घरून दर महिन्याला पैसे येतात तो सहसा खातं विकायला जात नाही. मेसचं बिल थकलेला, खोलीभाड्याला तोंड चुकवणारा पोरगा जातो. त्याचं एकच खातं असतं, आधारला जोडलेलं, ज्यात महाडीबीटीची शिष्यवृत्ती येते. ते खातं गोठलं की शिष्यवृत्ती अडकते, ती अडकली की फी अडकते, फी अडकली की परीक्षेचा फॉर्म. पाच हजारांच्या कटासाठी एक वर्ष. त्यात घरी सांगायची सोय नाही. वडिलांना ‘पीटूपी’ समजावून सांगायचं कसं, हा वेगळाच पेपर.

म्हणून ज्यांच्या बाबतीत हे आधीच घडलंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. खात्यात अनोळखी रक्कम आली आणि पाठोपाठ ‘चुकून आलेत, या नंबरवर परत टाका’ असा फोन आला, तर परत टाकू नका. बँकेत जा, लेखी द्या, पोचपावती घ्या, परत जायचे ते बँकेमार्फतच जाऊ देत. खातं आधीच दिलं असेल तर आज कार्ड ब्लॉक करा, ते सिम बंद करा आणि बँकेला कळवा. उद्या पोलिसांचा फोन येण्याआधी तुम्ही स्वतः गेलात, तर तुमच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते. नोटीस आली असेल तर एकट्यानं जाऊ नका. घरच्या कुणाला तरी सांगा, ते जमत नसेल तर विश्वासातल्या एखाद्या सरांना-मॅडमना सांगा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. उत्पन्न कमी असलेल्यांना, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना तिथे वकील मोफत मिळतो. अजून एक, खातं मागणाऱ्या त्या सीनियरशी झालेलं टेलिग्रामवरचं बोलणं घाबरून डिलीट करू नका. त्याचे स्क्रीनशॉट घ्या, तारखा दिसतील असे, आणि जबाब द्यायला जाताना प्रिंट काढून बरोबर न्या.